थंड काप

घरी लोखंडकामाचं वर्कशॉप थाटायचं ठरलं की पहिलं मशीन म्हणून बहुतेक जण वेल्डिंगचं मशीन आणतात. माझं मत वेगळं आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगत असतो. आधी कापायची सोय करा, आणि कापणारं मशीन हळू चालणारं घ्या: बँडसॉ (चाकांवर सलग पट्टीचं पातं फिरवणारी करवत) नाहीतर पॉवर हॅकसॉ (मोटरवर पुढे-मागे चालणारी करवत). जोडकाम डोळ्यांना दिसतं म्हणून त्याचं कौतुक होतं. कापाकडे कुणी बघत नाही. पण फाटक तिरकं बसलं, बाकड्याचा एक पाय अधांतरी राहिला, तर त्याचं मूळ बहुधा कापात सापडतं. पाइपाचं टोक गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसलं की जोडात फट राहते. ती फट वेल्डर रॉड ओतून बुजवतो. जास्त रॉड म्हणजे जास्त उष्णता, आणि निवताना तो जोड सगळ्या चौकटीला आपल्याकडे ओढून घेतो. मग हातोडा येतो, जॅक येतो, ठोकाठोकी सुरू होते, आणि सकाळचं काम संध्याकाळपर्यंत लांबतं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो. आमच्या मागीलदारी जुना गोठा होता, त्यात गुरं राहिली नाहीत, तिथंच माझं वर्कशॉप आहे. विहिरीवरचा रहाट, कुळागरातल्या पंपाचं स्टँड, देवळाच्या मंडपाचे खांब, कुणाच्या पॉवर टिलरचा तुटलेला शाफ्ट, असली कामं. पोटासाठी करत नाही, पण मनापासून करतो.

आमच्या बाजूला फॅब्रिकेशनच्या कुठल्याही शेडमध्ये जा, कापायचं म्हणजे १४ इंची चकतीचं कटऑफ मशीन. ३५५ मिलिमीटरची चकती, जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास, मोटर २,००० वॉटच्या वर, फेरे मिनिटाला ३,८०० च्या घरात. हिशेब मांडला तर चकतीची कड सेकंदाला सत्तरेक मीटर धावते. बँडसॉचं पातं लोखंड कापताना मिनिटाला २५ ते ५० मीटर जातं. एकाचा वेग सेकंदात मोजायचा, दुसऱ्याचा मिनिटात. हा एवढा फरक पडतो कारण चकती खऱ्या अर्थानं कापत नाही, ती घासते. तिच्यातले कण धातू जाळत, घासत वाट काढतात. काप होतो चटकन, यात वाद नाही. पण कापाची कड निळी पडते, खाली बर, म्हणजे धातूची खरबरीत झालर, लोंबतो, टोक हाताला धरवत नाही. ते निवेपर्यंत थांबायचं, मग ग्राइंडर घेऊन बर काढायचा, मग गुण्या लावून बघायचं आणि तिरकं असेल तर पुन्हा घासायचं. ईएन-८ सारख्या ०.४ टक्के कार्बनच्या पोलादाची सळई असेल तर कड कडक होऊन बसते, आणि त्या टोकाला आटा पाडायला गेलं की टॅप कुरकुरतो. मशीनपाशी वाचलेली मिनिटं पुढं दामदुप्पट मोजावी लागतात. कापाचा वेळ मोजायचाच तर सळई उचलल्यापासून तुकडा जोडायला तयार होईपर्यंत मोजावा.

आणि आपण गोव्यात आहोत हे विसरून चालत नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्याकडे खारी हवा. इथं लोखंडाचा खरा वैरी गंज. म्हणून लोक गॅल्व्हनाइज्ड पाइप घेतात, चार पैसे जास्त मोजतात. जस्त ४२० अंशांच्या जरा अलीकडेच वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. चकतीनं कापलेल्या कडेला याहून कितीतरी जास्त ताप होतो. ज्या टोकाला जस्ताची गरज सर्वांत जास्त तिथलंच जस्त उडून जातं, वर त्याचा पांढरा धूर छातीत जातो तो वेगळा. पुढच्या पावसात गंजाची पहिली रेघ तिथूनच निघते. पात्यानं थंड कापलेल्या पाइपाला कडेपर्यंत जस्त शाबूत राहतं. वेल्ड करायचा असेल तर तेवढ्या जागेचं ते जाणारच, पण जी टोकं नुसती बोल्टवर बसणार आहेत, टोपी लावून सोडायची आहेत, त्यांचं आयुष्य वाढतं.

स्टेनलेसचंही तसंच. किनाऱ्यावरच्या घरांतल्या रेलिंगला गंजाचे तांबूस ठिपके पडलेले आपण बघतो आणि माल खोटा निघाला म्हणून बोटं मोडतो. कधी माल खोटाही असतो. खाऱ्या हवेत ३०४ जातीचं स्टेनलेस टिकत नाही, तिथं मॉलिब्डेनम असलेलं ३१६ लागतं. पण कितीदा तरी कारण एवढंच असतं की साधं लोखंड कापलेल्या चकतीनंच स्टेनलेस कापलं गेलं. चकतीत अडकलेले लोखंडाचे कण, उडालेल्या ठिणग्या स्टेनलेसच्या अंगात रुततात आणि तेच आधी गंजतात. स्टेनलेससाठी पातं वेगळं ठेवावं, कापायच्या आधी व्हाइसचे जबडे पुसून घ्यावेत. आणि पातं नुसतं वरवर घासत राहू देऊ नये. स्टेनलेस घासलं की कडक होतं, मग त्याच जागी कुठलंच पातं शिरत नाही. वेग कमी, दाब नेमका, आणि सुरू केलेला काप मध्ये न थांबवता पूर्ण करायचा.

आवाजाचं तर बोलायलाच नको. दुपारी जेवणं झाली की गोव्यातली घरं झोपतात, आणि ती झोप मोडणं हा आमच्याकडे अपराध आहे. कटऑफ मशीन दुपारी दोनला लावायचं म्हणजे साऱ्या वाड्याच्या शिव्या खायच्या. पॉवर हॅकसॉ मी दुपारी चालवतो. पलीकडच्या काकींना मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, "चालू असलेलं कळतं रे, पण झोप लागते त्यात."

माझा पॉवर हॅकसॉ खाणींच्या भागातला. सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. २०१२ मध्येही एकदा त्या बंद पडल्या होत्याच. त्यावर चाललेला वाद मोठा आहे, त्यात मी इथं शिरत नाही. पण खाणींच्या जिवावर आमच्या भागात एक अख्खं लोखंडी जग उभं होतं. ट्रकांचे पाटे, लोडरच्या बादल्यांच्या पिना, मांडवीतल्या बार्जेसचे शाफ्ट, हे सगळं दुरुस्त करणारी वर्कशॉपं रस्त्याच्या कडेला होती. ती एकेक करून थंडावली. त्यातल्या एका वर्कशॉपचं सामान निघालं तेव्हा हा हॅकसॉ भंगाराच्या काट्यावर चढलेला मी पाहिला. ज्या मशीनचं बेड ओतीव लोखंडाचं, सरक (करवतीची चौकट जिच्यावर धावते ती पट्टी) अजून घट्ट, त्याचा भाव किलोवर चाललेला बघून मला राहवलं नाही. काट्यावर आलेल्या वजनाचे पैसे दिले आणि टेंपोत घालून घरी आणला. मोटर थ्री फेजची होती. घरी सिंगल फेज, म्हणून १ हॉर्सपॉवरची कपॅसिटरवाली मोटर बसवून घेतली.

तो कापतो कसा हे एकदा शांतपणे उभं राहून बघावं. व्हाइसमध्ये ५० मिलिमीटरची शाफ्टची सळई. मोटर पट्ट्यानं मोठं चाक फिरवते, चाकावरची क्रँक (मध्यापासून बाजूला बसवलेली पिन) चौकटीला पुढे-मागे नेते. चौकट ओढून घेताना पातं टेकतं आणि दाते धातूत उतरतात. परत जाताना मशीन चौकटीला केसभर वर उचलतं, म्हणजे दाते उलट घासून बोथट होत नाहीत. हातात धरायच्या हॅकसॉत दाते पुढे तोंड करून लावतात, बऱ्याच पॉवर हॅकसॉत ते उलट, ओढीच्या दिशेनं बसवायचे असतात. नळीतून ताकासारखं पांढरं कटिंग ऑइलचं पाणी कापावर ठिबकत राहतं. खाच दर फेऱ्याला इतकीच खोल जाते की डोळ्यांना कळतही नाही, पण जरा दुसरीकडे वळून परत बघावं तर पातं निम्म्यात पोचलेलं असतं. तळाशी कागदाएवढा पदर उरतो, तुकडा किंचित वाकतो, पडतो, आणि खाली आलेली चौकट स्विचवर टेकून मशीन आपलं आपण बंद करते. तुकडा लगेच हातात घेता येतो. कोमट असतो, बस.

बार्जवर फिटर म्हणून ज्यांची सारी उमर गेली असे एक काका माझ्याकडे कधीमधी येतात. नवा पोरगा मशीनपाशी उभा राहिला आणि त्याचा हात चौकटीकडे गेला की ते एकच वाक्य बोलतात. "बाबा, दाबू नको. वजन आहे, दाते आहेत, त्यांचं त्यांना करू दे." मला त्यांचं हे म्हणणं फार मोलाचं वाटतं. मशीन कापत असताना माणूस मोकळा असतो. पुढच्या तुकड्यावर खूण करता येते, आधीच्या तुकड्याची कड कानशीनं मारता येते, सामानाची यादी परत वाचता येते. कटऑफ मशीनपाशी दोन्ही हात, दोन्ही डोळे आणि दोन्ही कान अडकलेले असतात.

दात्यांचा हिशेब मात्र पक्का हवा. नियम जुना आणि सोपा आहे: कापल्या जाणाऱ्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते बसले पाहिजेत. इंचाला १४ दाते असलेल्या पात्यात दोन दात्यांमधलं अंतर १.८ मिलिमीटर. म्हणजे सहा मिलिमीटरच्या पट्टीला ते ठीक. पण १.६ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपाच्या भिंतीत एक दाताही धड बसत नाही, भिंत दोन दात्यांच्या मधल्या खाचेत शिरते आणि दाता मोडतो. एक मोडला की त्याच्या मागच्यावर दुप्पट मार बसतो, आणि बघता बघता पातं बोडकं होतं. तिथं इंचाला २४ दात्यांचं पातं. तीन दाते त्यातही बसत नाहीत, पण निदान भिंत खाचेत शिरत नाही. उलट जाड शाफ्टला बारीक दाते लावले तर खाचांत कीस दाटतो आणि पातं नुसतं सरकत राहतं. तिथं ६ किंवा १० दात्यांचं. अँगल कापायचा असेल तर कोपरा वर करून, छपराच्या आकारात धरावा. मग पातं दोन्ही पाखांवर सारखं उतरतं. एक पाख आडवं ठेवलं तर आधी लांबलचक पट्टी आणि मग अचानक पातळ भिंत, अशी पात्याची फरफट होते.

आडवा बँडसॉ मी नंतर घेतला. बेळगावच्या उद्यमबागेतून चोर्ला घाटानं आणला. गोव्यातल्या यंत्रवेड्या माणसाला बेळगावशिवाय गत्यंतर नाही, आणि घाट चढून गेल्याचं कधी वाईटही वाटत नाही. लहान आकाराचा आहे: गोल सळई ११५ मिलिमीटरपर्यंत घेतो, मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची. सुरू केला तरी वाड्यातले दिवे मंद होत नाहीत. पातं १३ मिलिमीटर रुंद, जाडी ०.६५, लांबी १,६३८ मिलिमीटर. पट्टा पुलीवर सरकवून तीन वेग मिळतात, मिनिटाला साधारण २०, ३० आणि ५० मीटर. हॅकसॉ निम्मा वेळ नुसता परत जाण्यात घालवतो, बँडसॉचं पातं एकाच दिशेनं अखंड फिरतं. प्रत्येक दाता थोडं थोडं काम करतो, त्यामुळं पातळ पाइपही धडधडत नाही. आणि पातं खातं फार कमी. ५० मिलिमीटरच्या सळईचं वजन आपल्याकडे सगळे काढतात तसं काढलं, व्यासाचा वर्ग भागिले १६२, तर मीटरला १५.४ किलो. ३ मिलिमीटरची चकती दर कापाला ४६ ग्रॅमचा चुरा करते, दीड मिलिमीटरच्या आतला बँडसॉचा काप जेमतेम त्याच्या निम्मा. लोखंडात हे किरकोळ वाटेल. समयांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या डिचोलीत पितळ कापणाऱ्याला विचारा. (पितळ आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कोरडंच कापावं, तिथं पाण्याचं काम नाही.)

या वर्तुळाकार पात्याची कथा मला आवडते. लंडनच्या विल्यम न्यूबेरीनं १८०८ साली बँडसॉचं पेटंट घेतलं, पण सलग पट्टीची दोन टोकं जोडलेला सांधा टिकेना, दर फेऱ्याला वाकून वाकून तुटे. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या ॲन पॉलिन क्रेपिन या बाईंनी टिकाऊ जोडाची पद्धत काढली, तेव्हा कुठं मशीन कामाचं झालं. आजही पातं तुटलं तर आधी जोड बघतात. आजच्या बायमेटल पात्याची पाठ लवचीक स्प्रिंग स्टीलची आणि दाते कोबाल्ट घातलेल्या हायस्पीड स्टीलचे असतात. वाकायचं काम एकाकडे, कापायचं दुसऱ्याकडे.

नवं पातं येतं ते तीन वळशांत दुमडलेलं. ते उघडताना चामडी हातमोजे घालावेत, तोंड लांब ठेवावं आणि बांधलेली तार कापून पातं अंगणात हातभर पुढं धरून हळूहळू सैल सोडावं, ते झटक्यानं मोठं होतं. चाकावर चढवलं की त्याची पाठ चाकाच्या काठाला जेमतेम लागेल इतपत, दाबून घासणार नाही असं चाक जुळवायचं. मग ताण द्यायचा, आणि मार्गदर्शक बेअरिंगं कामाच्या जितकी जवळ आणता येतील तितकी आणायची. काप तिरका जायला लागला तर ही तीन ठिकाणं तपासावीत: ताण ढिला आहे का, बेअरिंगं लांब राहिली का, आणि पात्याची एक बाजू बोथट झाली का. लहान तुकडा व्हाइसच्या एका टोकाला धरला तर जबडा तिरपा होतो, म्हणून दुसऱ्या टोकाला त्याच मापाचा तुकडा घालावा. नव्या पात्याला पहिले काही काप निम्म्या दाबानं द्यावेत, म्हणजे दात्यांची अतितीक्ष्ण टोकं तुटत नाहीत, मुरतात. पुढं सगळं किसाकडे बघून कळतं. भुकटी पडत असेल तर दाब कमी आहे. जाड, निळा पडलेला कीस म्हणजे दाब किंवा वेग जास्त. रुपेरी, सैल वळलेला, बोटाला कोमट लागणारा कीस पडू लागला की मी हात मागं घेतो.

पावसाळ्यात दोन्ही मशीनांची काळजी वेगळी घ्यावी लागते. कटिंग ऑइलचं पाणी पडून राहिलं की कुजतं, आंबूस घाण वास मारतं, म्हणून मशीन थांबणार असेल तर टाकी रिकामी करून पुसून ठेवतो. बेडवर आणि सरकांवर तेलाचा हात. बँडसॉचा ताण काम संपल्यावर ढिला करतो.

दिवाळीच्या आधी गोठ्यात गर्दी होते. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळतात, आणि आता त्यांच्या आत लोखंडी सांगाडे असतात. वाड्यातली पोरं पट्ट्या, सळया घेऊन येतात, मला म्हणतात, "काका, आम्हाला एवढे तुकडे एका मापाचे द्या." एका मापाचे तुकडे हे हॅकसॉचं आवडीचं काम. चार-सहा सळया एकत्र जखडल्या, मागं अडसर लावला, की सगळे एकसारखे. पोरं थांबलेली असताना त्यांतल्या एका मुलानं क्रँककडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि विचारलं, "काका, हा गोल फिरतो आणि तो पुढे-मागे जातो, मग त्या पिनेची जागा बदलली तर?" मशीन बंद करून त्याला दाखवलं. पिन मध्यापासून जितकी लांब तितका फेरा मोठा. त्या वर्षी त्यांच्या नरकासुराचा हात वायपरच्या मोटरवर वर-खाली हलत होता. शिगम्याच्या चित्ररथांतल्या हलत्या मूर्तींमागंही हीच विद्या आहे, आणि आयटीआयला जाणारी कित्येक पोरं तिथंच पहिल्यांदा यंत्राच्या प्रेमात पडतात. जी मशीनं उघडी आहेत, ज्यांचं चालणं डोळ्यांना दिसतं, ती घरच्या वर्कशॉपात असावीत असं मला वाटतं त्याचं हेही एक कारण.

दोन्हींतलं एकच घ्यायचं असेल तर बँडसॉ घ्या. घरच्या कामात पाइप, अँगल आणि पट्टी जास्त, जागा कमी, वीज सिंगल फेज, या तिन्हींना तो सोयीचा. पॉवर हॅकसॉ दोघांना उचलत नाही आणि त्याला कायमची जागा लागते. पण भरीव शाफ्ट कापायचे असतील आणि चांगला जुना हॅकसॉ मिळत असेल तर सोडू नका. त्याचं पातं सरळ पट्टीचं असल्यानं त्यात जोडाची भानगडच नाही.

जुनं मशीन घेताना रंग बघू नये. हॅकसॉची चौकट फेऱ्याच्या मध्यावर आणून हातानं आडवी हलवावी. खडखडली तर सरक झिजली आहे, काप सरळ येणार नाही. परतीच्या फेऱ्यात चौकट उचलते का ते मोटर चालू करून बघावं. बँडसॉच्या गिअरबॉक्सचं झाकण काढायला लावावं आणि तेलात बोट बुडवून उन्हात धरावं. पिवळी चमक दिसली तर वर्म गिअरचं (मळसूत्री गिअरचं) ब्राँझ चाक खाल्लं जातंय. आणि जाताना घरून सळईचा एक तुकडा आणि खिशात गुण्या न्यावा. तुकडा तिथंच कापून घ्यावा, कापावर गुण्या आधी एका बाजूनं आणि मग पाव वळसा फिरवून दुसऱ्या बाजूनं धरावा, उजेडाकडे तोंड करून बघावं. दोन्ही वेळा फट दिसली नाही तर भावाचं बोलायला बसा.